शेडमागच्या रात्री

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. वेळच मिळाला नाही असं लिहिणार होतो, पण वेळ रोज रात्री मिळत होता. तो मी उधळला.

इथे पोरांच्या शिबिरात सकाळी सातला घंटा होते. मग दिवसभर नऊ-दहा वर्षांची आठ पोरं अंगाखांद्यावर. एकाचा मोजा हरवलेला, दुसऱ्याला आई आठवलेली, तिसरा गांधीलमाशीचं पोळं शोधायला निघालेला. साडेनऊला केबिनमधले दिवे जातात. पोरं सांभाळणाऱ्या आमच्यापैकी दोघं पायरीवर ड्यूटीला बसतात आणि बाकीचे आम्ही बोटींच्या शेडमागे. एकपर्यंत परत यायचं असा नियम आहे. (दीडला सगळे चपला हातात घेऊन येतात.)

दिवसभर 'पळू नका', 'हेल्मेट घाला' म्हणून म्हणून जीव विटतो रे. रात्री ते सगळं उलटं बाहेर पडतं. फाटकी गादी ओल्या उतारावरून सोडायची, वर चौघं. स्वयंपाकघरातल्या ढकलगाड्यांची शर्यत. त्यात माझं कोपर सोलवटलं. पोरांना सांगितलं, खेळताना पडलो. खोटं कुठे होतं? कोण कोणाच्या प्रेमात आहे ते दर आठवड्याला बदलतं. त्यात मी नाही, विचारू नकोस.

पण सांगायचंय ते 12 ऑगस्टच्या रात्रीचं. ययाती तारकासमूहातून उल्का पडतात, ती रात्र. धूमकेतूने मागे टाकलेली धूळ सेकंदाला 59 किलोमीटर वेगाने हवेत शिरते आणि जळते, हे दुपारी मीच पोरांना रंगवून सांगितलं होतं. रात्री आम्ही धक्क्यावर उताणे. रमची बाटली फिरत होती. होडीवाला म्हणाला, पाण्यातून बघू. पाच जण उतरलो.

पाणी असं गार, की मिनिटभर नुसत्या धापा. रमची ऊब फसवी असते, रक्त कातडीकडे धावतं आणि अंगातली उष्णता उलट लवकर जाते, हे प्रशिक्षणात घोकलेलं. सतरा तासांचं जागरण झालं की न पिताही माणूस दोन घोट घेतल्यासारखा मंदावतो, हेही.

धक्क्यावर एक फळा आहे. दिवसा पाण्यात शिरणारं प्रत्येक पोर आपला नंबराचा बिल्ला त्यावर अडकवतं, बाहेर आलं की काढतं. प्रत्येकाला जोडीदार ठरलेला. दर दहा मिनिटांनी मी शिट्टी मारतो, जोडीने हात वर, मोजणी. त्या रात्री तोच फळा आमच्या डोक्यावर होता. रिकामा.

हसता हसता मी सहज डोकी मोजली. तीन. स्वतःला मोजायचा राहिलो असेन म्हणून स्वतःला धरून पुन्हा मोजलं. चार. पाण्यावर चांदणं होतं आणि कुठेच काही हलत नव्हतं. गळ्यात शिट्टी होती, फुंकली. कितीदा ते आठवत नाही.

पाचवा शेडच्या भिंतीला टेकून पॅन्ट पिळत उभा होता. "थंडी वाजली म्हणून वर आलो. बोंबलतोस काय?"

मी बाहेर आलो आणि भडाभडा ओकलो.

सकाळी मोठ्या बाईंनी विचारलं, रात्री शिट्टी कोणाची? आम्ही पाचही जण ताटात बघून खात राहिलो. ते मला अजून सलतं. गादीचं वगैरे काही वाटत नाही, ती मी उद्याही घसरवीन.

ड्यूटीवाल्याने नंतर सांगितलं, शिट्टी ऐकून माझ्या केबिनमधला एक चिमुरडा झोपेतच उठून बसला आणि शेजारच्या पलंगावरचा हात चाचपायला लागला. नाश्त्याला त्याने मला विचारलं, "सगळे होते ना मोजणीत?" हो म्हणालो.

आज ड्यूटी माझी. टॉर्चचा सेल उतरलाय, म्हणून अक्षर असं. शेडकडून हसणं ऐकू येतंय. कोण कोण आहे तिकडे, ते आवाजावरून मोजतोय.

तुझाच,
गोट्या