संपादक साहेब, 936 ला 9 नं भागून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान 3 वर आमच्या जिल्हा परिषद शाळेची अब्रू काढलीत त्याबद्दल आभारी आहे. एरवी आमच्या गावाचं नाव तुमच्या पेपरात येतं ते टँकर चालू झाल्यावर नाहीतर ट्रॅक्टर पलटी झाल्यावर. या टायमाला सरकारच्या संकलित चाचणी परीक्षेच्या निकालामुळं आलं. तालुक्यात शेवटून दुसरी. वा.

मी काही मास्तर नाही. माझी पिठाची गिरणी आहे, शाळा व्यवस्थापन समितीत नाव आहे आणि सह्या लागल्या की बोलावणं येतं. त्यामुळं मास्तर लोकांची बाजू घ्यायलोय असं समजू नका, त्यांच्यासाठी वेगळं पत्र लिहावं लागेल.

तुमच्या प्रतिनिधींनी गाडी माझ्या गिरणीसमोरच लावली होती. शाळेत गेले, सातवीतल्या एका पोराला उभं केलं, फळ्यावर 936 भागिले 9 घातलं, त्यानं उत्तर 14 आणलं अन् तुम्ही ते छापलं, पोराच्या नावासकट. आता खोटं छापलं असं मी म्हणतच नाही. नऊ एके नऊ झालं, पुढं 3 ला भाग जाईना तर वर शून्य द्यायचं असतं, ते त्यानं दिलं नाही, डायरेक्ट 36 घेऊन चार लावले. चुकलं. पण ते पोरगं आठ दिवसाखाली गावात आलंय हो. दिवाळीत ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रॅक्टर मारुतीच्या पारापाशी लागला तेव्हा ते भांड्याच्या पोत्यावर बसून गेलं, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर आलं. पाच महिने कोपीवर, तोडणीवाल्यांच्या झोपडीत. आईबाप पहाटे उसाच्या फडात अन् हे दीड वर्षाच्या बहिणीला सांभाळत बसलेलं. जाताना त्यानं गणिताची वही माझ्याकडं ठेवली होती, काका उंदीर लागू देऊ नका म्हणून. मी काटा ठेवतो त्या फळीवर होती ती, वर पिठाचा थर बसला होता, परवा झटकून परत दिली. निम्मी कोरी आहे. तुमचे प्रतिनिधी पाच मिनिट गिरणीत टेकले असते तर दाखवली असती, पण त्यांना पुढच्या शाळेला जायचं होतं.

अजून एक. काल रात्री मी हाच भागाकार माझ्या थोरल्याला घातला. तो तालुक्याला इंग्लिश मीडियमला आहे, तोही सातवीतच, पिवळी बस दारात येते. त्यानंही 14च आणले, फक्त इंग्रजीत सांगितले. त्याच्या शाळेचं नाव तुमच्या तक्त्यात कुठंच दिसलं नाही.

आणि आता निघालंच आहे तर सांगतो, माझी धाकटी जिल्हा परिषदेतच आहे. दोघांची फी झेपत नाही. गावात बऱ्याच घरात असंच आहे, भाऊ पिवळ्या बसमध्ये अन् बहीण खिचडीच्या रांगेत, त्यामुळं वर्गात बघाल तर पोरी जास्त, अन् पोरं राहिलेत ती बहुतेक कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोडीवाल्यांच्या घरची. ज्यांना घरी कुणी शिकवणारं आहे ती लेकरं आधीच निघून गेली, मग उरलेल्यांची सरासरी काढायची अन् शाळा तळाला गेली म्हणून बोंबलायचं. बायको म्हणाली हे पत्रात लिहू नका, लोकं हसतील. हसू द्या.

पट मोजायचा 30 सप्टेंबरला, तेव्हा सगळी लेकरं हजर. संकलित चाचणी 2, दुसऱ्या सत्राची, घ्यायची एप्रिलमध्ये, तेव्हा काही आलेली असतात, काही वाटेत असतात, अन् आलेल्यांना दुसरं सत्र काय असतं तेच माहीत नसतं. भाषा, गणित, इंग्रजी तिन्हीत तेच. हंगामी वसतिगृह आहे की, म्हणजे लेकरू आजीपाशी ठेवायचं अन् दोन टाइम जेवण शाळेत. योजना चांगली आहे, मी काय नाही म्हणत नाही. पण आमच्याकडं मंजुरी आली तेव्हा टोळ्या जाऊन महिना झाला होता. ज्या पोरासाठी मंजुरी ते पोरगं कर्नाटकात. शिक्षण हमी कार्ड दिलं होतं म्हणे त्याला, तिकडच्या शाळेत दाखवायला. कानडी शाळेत आमच्या पोरानं कार्ड दाखवून काय करायचं, ते कुणीतरी समजावून सांगा. कायद्यात तर लिहिलंय सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताला एक, भाषेला एक, समाजशास्त्राला एक असे मास्तर पाहिजेत. आमच्याकडं तिघांत मिळून दोन, त्यातले एक कायम ऑनलाइन माहिती भरायला बसलेले. यावर छापा की कधीतरी पान 3.

बातमीच्या बरोबर खाली क्लासची पाव पान जाहिरात होती, पोरांचे पासपोर्ट फोटो, टक्के, लातूर पॅटर्न वगैरे. योगायोग असेल. अन् बातमीतला फोटो आमच्या शाळेचा नाहीच. त्यात पत्रे उडालेली खोली आहे. आमच्या शाळेला पत्रे नाहीत, स्लॅब आहे. गळतो, पण स्लॅब आहे.

आता मुख्य गोष्ट. आज सकाळच्या शाळेला ते पोरगं आलं नाही. सकाळी दळण घेऊन त्याची आई आली होती, तिला वाचता येत नाही, पण पेपरात नाव आलंय हे कुणीतरी सांगितलेलं. मला म्हणाली वाचून दाखवा. मी चष्मा सापडत नाही म्हणालो, चष्मा डोळ्यावरच होता. त्याचा बाप म्हणतोय की पोराला जमतच नाही तर पुढच्या दिवाळीला अर्धा कोयता म्हणून मांडू (नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा म्हणजे अर्धा), तेवढीच मुकादमाकडची आगाऊ उचल वाढंल.

तर साहेब, शाळेचा नंबर कितवा लावायचा तो लावा, पोरांची नावं छापू नका. अन् प्रतिनिधींना परत पाठवायचं असलं तर दिवाळीच्या आधी पाठवा, चहा माझ्याकडं.

आपला,
एक गिरणीवाला पालक, ता. धारूर, जि. बीड

ता.क. फोटोची दुरुस्ती तेवढी छापा. समितीतले बाकीचे मेंबर मलाच विचारायलेत, पत्रे कधी उडाले म्हणून.