करार वाढवत नाही, घरी येतेय

हो ची मिन्ह सिटी, ११ मे

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आईचा आवाज जड होतो आणि बाबा "नीट विचार कर" म्हणून फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहितेय. मी इंग्रजी शिकवते त्या इथल्या शाळेनं पुढच्या वर्षाचा करार पुढ्यात ठेवला होता. मी नको म्हणून लेखी कळवलंय. १४ जूनच्या रात्री निघतेय, ती कायमची.

बाबा, तुमच्या पायाचं धाकट्याकडून कळलं म्हणून मी सगळं सोडून धावत येतेय, असं मनात आणू नका. यायचं त्याआधीच ठरत आलं होतं. सोसायटीचं कर्ज मार्चमध्ये फिटलं. अशा शाळेत दुसऱ्या वर्षी पगार फारसा वाढत नाही, वाढतात ते तास, तेही संध्याकाळचे आणि शनिवार-रविवारचे. नोकरीला उपयोगी पडायला एका पूर्ण वर्षाचा अनुभव पुरतो. आणि ज्या कामासाठी शिकायला म्हणून बाहेर पडले, ते काम आपल्या गावात, येळ्ळुरात आहे. तात्या काय म्हणतील ते मला माहीत आहे. त्यांना मी आल्यावर सांगेन, तुम्ही दोघांनी त्यांच्यापुढे माझी बाजू मांडत बसू नका.

कागदपत्रांचं आधीच सांगते, कारण बाबांचा पहिला प्रश्न तोच असणार. इथं परदेशी माणसाचं राहणं नोकरीला बांधलेलं असतं. वर्क परमिट शाळेमार्फत मिळतं, आणि राहण्याचं कार्ड त्या परमिटवर. नोकरी संपली की दोन्ही परत करायची असतात. लोकांचा घोटाळा इथंच होतो: कार्ड आधी रद्द झालं आणि विमान नंतरचं असलं, तर मधले दिवस बेकायदा ठरतात आणि दंड बसतो. म्हणून करार १५ ला संपत असताना तिकीट १४ चं काढलं, आणि कार्ड कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील ते शाळेकडून लिहून घेतलं. दोन्हींच्या रंगीत प्रती स्कॅन करून धाकट्याला पाठवल्यात. अनुभवाच्या दाखल्यात नुसतं "काम केलं" असं चालत नाही. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, मुलांचे वयोगट आणि हुद्दा, एवढं लिहून खाली सही-शिक्का हवा. पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही इथं असतानाच काढतेय. पुढं कुठं शिक्षकाची नोकरी मागितली तर तो मागू शकतात, आणि घरी बसून काढायचा म्हणजे मुखत्यारपत्र, भाषांतर, वकिलातीचे शिक्के, सगळंच आलं.

पैशांची काळजी नको. इथून रक्कम बाहेर पाठवायला बँक करार, पगारपत्रकं आणि कर भरल्याचा पुरावा मागते, आणि राहण्याच्या कार्डाची मुदत संपली की खात्यावरचे व्यवहार अडतात. म्हणून एप्रिलपर्यंतचं सगळं पाठवून झालंय, मेचा पगार आला की त्याच आठवड्यात पाठवेन. रोख आणणार नाही. दीड कोटी डाँगहून जास्त रोकड बाहेर नेताना कस्टममध्ये जाहीर करावी लागते (दीड कोटी म्हणजे आपले साधारण पन्नास हजार), आणि बेळगावात डाँग बदलून कोण देणार? पगारातून दरमहा ८ टक्के सामाजिक विम्यात कापले जायचे. देश सोडून जाणाऱ्या परदेशी माणसाला ते एकरकमी मागता येतात, त्याचा अर्ज करार संपायच्या आधीच देतेय. पैसे यायला उशीर झालाच, तर शाळेतली एक मैत्रीण अधिकारपत्रावर घेईल. आपल्याकडचं माझं एनआरओ खातं, म्हणजे परदेशी राहणाऱ्याचं बँक खातं, आल्यावर पुन्हा साधं करायचंय. बाबा, टॅक्सचंही विचाराल: गेल्या आर्थिक वर्षी मी अनिवासी होते, पण या वर्षी १८२ दिवसांहून जास्त भारतात असेन, त्यामुळे एप्रिल ते जूनचा इथला पगार आपल्या विवरणपत्रात दाखवावा लागेल. भारत आणि व्हिएतनाममध्ये दुहेरी कराबद्दलचा करार आहे, इथं भरलेला कर वजा मिळतो. त्यासाठी इथला कर भरल्याचा दाखला लागतो, तो घेतेय.

आई, जेवणाचं तू दर फोनला विचारतेस. भात इथंही दोन वेळा असतो. माशाचा रस जवळपास सगळ्यात घालतात हे खरं, पण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथले बरेच लोक शाकाहारी जेवतात, आणि "चाय" लिहिलेली शाकाहारी खाणावळ बहुतेक गल्लीत सापडते. तिथं टोफू, आळंबी, पालेभाजी, भात मिळतो. उपाशी राहिलेली नाही. एवढं मात्र आहे की इथला भात चिकट लागतो. आपल्या शिवारातल्या बासमतीच्या पेजेचा वास आठवला की अजून मी तुझ्या पदराला हात पुसणारी होते. आल्यावर पहिल्या दिवशी पेज आणि मसुरीची आमटी कर, दुसरं काही नको.

तू मागितलेली ड्रॅगन फ्रूटची फांदी आणता येणार नाही गं. रोपं, फांद्या, बियाणं भारतात आणायचं तर आयातीचा परवाना आणि इथल्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर काढून घेतात. काजूही आणत नाही. चंदगडचे घरी असताना इथले कशाला? कॉफी आणि ती गाळायचं छोटं भांडं आणतेय. पण इथले लोक त्यात गोड आटवलेलं दूध ओततात, ते बाबांना नाही.

आता माझ्या कामाचं. टिळकवाडीतल्या एका शाळेत सकाळचे तास मिळतील असं बोलणं झालंय. संध्याकाळी साडेपाच ते सात घरीच इंग्रजीचा वर्ग घेणार. बाबा, गोठ्यामागची पत्र्याची खोली तुम्ही रंगवून देतो म्हणालात. मनापासून सांगते, ती नको, पुढचा सोपाच द्या. जून ते सप्टेंबर आपल्याकडचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि माझं निम्मं काम कानाचं आहे. "शिप" आणि "शीप" यांतला फरक आधी ऐकू यायला हवा, मग तोंडात येतो. सोप्यावर कौलं आहेत, तिथं पावसाचा आवाज कमी होतो. फळा सहा बाय चारचा पांढरा, उत्तरेच्या भिंतीवर. पश्चिमेकडून ऊन येतं तेव्हा समोरच्या भिंतीवर फळा चकाकतो आणि मागच्या मुलांना दिसत नाही. खुर्च्या-बाकं नकोत, सतरंज्याच हव्यात, कारण मुलांना सारखं जागा बदलून बसावं लागेल.

सोळाहून जास्त मुलं घेणार नाही. सोळा म्हणजे आठ जोड्या, आणि आठ जोड्या एकाच वेळी बोलत असल्या तरी फिरत फिरत प्रत्येकीचं ऐकता येतं. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना काळाचे तक्ते पाठ असतात, "काल काय केलंस?" विचारलं की गप्प बसतात. किंवा "डिड यू वेंट" म्हणतात, कारण भूतकाळ दोन्हीकडे लावावासा वाटतो. असं मूल नियम पुन्हा सांगून सुधारत नाही. एकच प्रश्न घ्यायचा, आधी सगळ्यांनी मिळून दोन-तीनदा म्हणायचा, मग जोडीत विचारायचा, मग जोडी बदलून पुन्हा. आठव्या जोडीदारापर्यंत "डिड यू गो" आपोआप तोंडात बसतं. फळ्यावर समजावणं सात-आठ मिनिटं, बोलणं अर्धा तास. आणि "समजलं का?" असं विचारायचं नाही, सगळी मुलं होच म्हणतात. "तो गेला की जाणार आहे?" असं विचारलं की कळतं कोणाला समजलंय.

इथल्या मुलांची अडचण वेगळी होती. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटी स, फ, ल असे आवाज येत नाहीत, त्यामुळे "नाइस", "नाइफ", "नाइट" सगळं "नाय" ऐकू येतं. त्यासाठी हाताची बोटं वापरायची: एक आवाज, एक बोट, आणि शेवटचं बोट मिटलं नाही तर शब्द पुरा झाला नाही. येळ्ळूरच्या पोरांना शेवटचा आवाज सोपा आहे, त्यांना स्वरांवर आणि व-वर काम लागेल. पण बोटांची युक्ती तीच चालते. हे एका वर्षात हाताशी आलं, ते आता आपल्या पोरांना द्यायचंय.

फी परवडेल तेवढीच ठेवेन. पहिले सहा महिने घरात फार येणार नाही, साठवलेल्यातून चालेल, हिशेब करून ठेवलाय.

बाबा, आता जरा रागावते. इन्सुलिनचं न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या खणाजवळ नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही. चालू पेन फ्रिजबाहेर, उन्हापासून लांब ठेवा, आणि ज्या दिवशी उघडलं ती तारीख मार्करनं त्यावर लिहा. २८ दिवसांनी आत उरलं असलं तरी टाकायचं. मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि घर तापलं, तर पेन कोरड्या डब्यात घालून ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवा. टोचायच्या आधी दर वेळी दोन युनिट हवेत सोडून बघा, टोचल्यावर दहापर्यंत मोजा, मग सुई काढा. सुई दर वेळी नवी. घाम सुटून हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, पंधरा मिनिटांनी तपासून, मग जेवण. आणि गोड कुंद्याचा डबा कपाटावर कुठं असतो ते मला ठाऊक आहे.

आणि अनवाणी चिखलात उतरायचं नाही. बळ्ळारी नाल्याचं पाणी वावरात आलं, २०१९ सारखं, तरी गमबूट घातल्याशिवाय पाय टाकायचा नाही. पायाला बधिरपणा आला की काटा रुतलेला कळत नाही, जखम वाढते, मग डॉक्टर कापायचं बोलतात. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. स्वतःला दिसत नसेल तर आई बॅटरी धरेल. गरम पाण्यात पाय शेकायचे नाहीत, घट्टा ब्लेडनं काढायचा नाही. राजहंसगडाच्या चढाला मला सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून बसवून तुम्ही हेच पाय मारलेत, ते मला धड हवेत. रागानं बोलले असेन तर मनावर घेऊ नका.

आई, तुझ्या गुडघ्यांसाठी गॅसचा ओटा झाला तरी भाकरी अजून खाली बसून थापतेस, असं धाकटा म्हणतो. उभ्यानं थाप, नाहीतर उंच स्टूल घे. पाण्याची घागर बाबांनीही उचलायची नाही, तूही नाही. नळीनं भरायची.

मुंबईला रात्री उशिरा उतरेन, डोंबिवलीला मावशीकडे झोपेन. दुसऱ्या रात्रीच्या स्लीपर बसनं कोल्हापूर, निपाणीवरून १६ ला सकाळी बेळगाव. तिथून रिक्षा करून येईन. कोणी मुंबईला यायचं नाही, आणि बाबा, पावसात स्कूटर घेऊन स्टँडवरही यायचं नाही.

एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, जूनच्या पहिल्या आठवड्यात करून घ्या, आधीच्या तपासणीला तीन महिने होतील. उपाशीपोटी जायची गरज नसते, चहा पिऊन गेलात तरी चालेल, साखरेशिवाय. रिपोर्ट धाकट्याला नाही, मला पाठवा.

तुमची
थोरली