पुंगळी काढण्याआधी

दापोली

चि. मीरा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सायलेन्सर आतून सडला, जाळी सुटून खडखडते, आणि नवा मिळेपर्यंत नुसत्या बेंड पाइपवर (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या नळीवर) बुलेट चालवायची म्हणतेस. वर गॅरेजवाला सांगतो की पुंगळी, म्हणजे सायलेन्सरमधली आवाज अडवणारी नळी, काढली की गाडी मोकळी होते आणि पळते. आवाज आवडतो हे समजू शकतो, पण पळते हे डोक्यातून काढ. आवाज वाढतो, ओढ कमी होते, आणि कमी होते ती नेमकी कुंभार्ली घाटात तुला लागते त्या गतीला.

‘इंजिनाला बॅक प्रेशर (बाहेर जाणाऱ्या वायूला अडवणारा दाब) लागतं’ असंही कोणी सांगेल. तेही खरं नाही. इंजिनाला लागतं ते वेळेचं गणित. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू बाहेर सोडणारी झडप) उघडला की दाबाची लाट पाइपमधून बाहेर धावते. पाइपच्या उघड्या तोंडाशी ती उलटते आणि खेच होऊन परत इंजिनाकडे येते. इनलेट आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात त्या क्षणी ही खेच पोचली, तर उरलासुरला जळका वायू बाहेर ओढला जातो आणि ताजं मिश्रण आत शिरतं. त्याच क्षणी दाब पोचला तर उलटं होतं: जळका वायू आत ढकलला जातो आणि कधी कधी कार्बच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या, तोंडातून पेट्रोलचा फवारा मागे उडतो.

आता हिशेब कर. गरम वायूत ही लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर जाते. नुसता बेंड पाइप पाऊण मीटर धरला तर जाऊन यायला ३ मिलिसेकंद. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इंजिनाच्या ३००० फेऱ्यांना, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असतो सुमारे १६ मिलिसेकंद. म्हणजे तेवढ्यात लाट पाच वेळा ये-जा करते, दर खेपेला दमत जाते, आणि हव्या क्षणी खेच मिळेल की दाब, हे नशिबावर. बीएसएच्या गोल्ड स्टार किंवा नॉर्टनच्या मॅन्क्ससारख्या रेसच्या गाड्यांना उघडा मेगाफोन (टोकाकडे रुंद होत जाणारा पाइप) असायचा, पण त्या पाइपची लांबी, कॅम (व्हॉल्व्हची वेळ ठरवणारा भाग) आणि कार्ब एकमेकांशी जुळवलेले असत आणि गाडी वरच्या आरपीएमलाच चालायची. तुझं इंजिन ३४६ सीसी, ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, १८ बीएचपी तेही ५६२५ आरपीएमला. घाटात तू २५०० ते ३५०० मध्ये असतेस. तिथे उघडा पाइप बहुतेक वेळा खड्डा पाडतो: थ्रॉटल पिळलं तरी गाडी क्षणभर गुदमरते आणि मग एकदम उचलते. वळणावर मागे कोणी बसलं असेल तर हे फार वाईट.

आणि बुलेटचा तो धडधडता ठेका, ज्यासाठी लोक पाइप उघडा करतात? तो पाइपचा नाहीच. ९०० आरपीएमच्या आयडलला सिलिंडर मिनिटाला ४५० वेळा पेटतो, सेकंदाला साडेसात. मोठा एकच पिस्टन आणि जड फ्लायव्हील, त्यातून तो ठेका येतो. पाइप उघडा केल्याने त्यात भर पडते ती वरच्या पट्टीतल्या कर्कश फटफटीची. ती काढून ठेका ठेवता येतो, कसा ते पुढे सांगतो.

तरीही सड्यावरच्या मोकळ्या माळावर, वस्तीपासून लांब, एकदा उघडा आवाज ऐकायचाच असेल तर निदान इंजिन जळणार नाही एवढं बघ. पाइप मोकळा झाला की मिश्रण बहुतेक वेळा वरच्या थ्रॉटलला लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. तुझ्या मिककार्ब कार्बचा मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं मुख्य भोक) एक नंबर वर ने, म्हणजे आत ९० असेल तर ९५ आणि गरज पडली तर १००. मेन जेटचा अंमल पाऊण थ्रॉटलच्या पुढे असतो. पाव ते पाऊण या टप्प्यात कार्बमधल्या सुईचं राज्य: क्लिप एक खाच खाली लाव, सुई वर उचलली जाते, मिश्रण रिच होतं (पेट्रोल जास्त). आयडलला एअर स्क्रू, आत फिरवला की रिच. आधी दीड फेरी बाहेर ठेवून तिथून पाव-पाव फेरीने बघ. एका वेळी एकच गोष्ट बदल. तिन्ही एकदम बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही, आणि मेकॅनिक लोक नेमकं तेच करतात.

मग प्लग वाच, म्हणजे त्याच्या रंगावरून मिश्रण ओळख. इंजिन नीट गरम झालं की नवा प्लग लाव, सरळ मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये थोडा वेळ पूर्ण थ्रॉटल दे, आणि त्याच स्थितीत एकाच वेळी क्लच ओढून इग्निशन बंद कर. आयडलवर आणून बंद केलीस तर प्लग आयडलची गोष्ट सांगेल, मेन जेटची नाही. गाडी थांबली की प्लग काढून उन्हात धर. मधलं पांढरं चिनीमातीचं टोक बिस्किटाच्या रंगाचं दिसलं तर ठीक. काजळीसारखं काळं आणि मऊ असेल तर रिच. पांढरंफटक, त्यावर बारीक चकचकीत ठिपके, तर लीन, आणि तिथेच थांब. तसंच दामटलंस तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. बेंड पाइप मुळाशी निळा-जांभळा पडला तरी लीन मिश्रणाची शंका घे, पण आधी इग्निशनचे पॉइंट बघ: गॅप ०.३५ ते ०.४० मिमी आहे का, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे गेलंय का. मागे पडलेलं टायमिंगसुद्धा पाइप तापवतं.

उघड्या पाइपमधून थंड हवा आत शिरून व्हॉल्व्ह तडकतो असं जुने लोक म्हणतात. पोर्टाशीच, म्हणजे इंजिनाच्या हेडमधल्या एक्झॉस्टच्या तोंडाशीच, कापलेल्या वीतभर नळीत तसं होत असेल. पाऊण मीटर पाइपमध्ये व्हॉल्व्हला खरी भीती लीन मिश्रणाची आणि टाइट टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण मिटू न देणाऱ्या जोडणीची. म्हणून अशा चालवण्यानंतर टॅपेट बघच. इंजिन पूर्ण थंड, रात्रभर उभं असलेलं. उजव्या बाजूचं टॅपेट कव्हर उघड, किक हळूहळू दाबत पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आण, आणि पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडवणारी उभी दांडी) दोन बोटांत धरून फिरव. फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. एक्झॉस्टचा पुशरॉड फिरत नसेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत चाललाय. किक पूर्वीपेक्षा मऊ लागत असेल तर कॉम्प्रेशन गळतंय, तिथे नुसता टॅपेट सैल करून भागणार नाही.

थ्रॉटल सोडल्यावर जे फटाके वाजतात ते ताकदीचं लक्षण समजू नकोस. न जळलेलं मिश्रण पाइपमध्ये येतं, कुठून तरी बाहेरची हवा मिळते, आणि तिथे पेटतं. ती हवा बहुतेक हेडच्या जोडातून येते. बुलेटचा बेंड पाइप पोर्टात नुसता खुपसलेला असतो. त्याला पक्कं धरून ठेवण्यात सायलेन्सर आणि त्याच्या मागच्या ब्रॅकेटचा मोठा वाटा असतो. सायलेन्सर काढलास की पाइप फुटरेस्टजवळच्या एका पकडीवर लोंबतो, इंजिनाच्या हादऱ्याने पोर्टात हलायला लागतो, आणि मग ब्रॅकेटच्या वेल्डाशी तडा जातो. पोर्टाखालच्या कूलिंगच्या पाकळीवर काळी काजळीची रेघ दिसली की समज. थंड इंजिन सुरू करून जोडावर साबणाचं पाणी सोडलंस तर बुडबुडे जागा दाखवतात. चाचणीपुरतं चालवायचं असलं तरी मागे लोखंडी पट्टीचा आधार दे.

शिवाय पाइपचं तोंड तुझ्या उजव्या पायापाशी येतं. गिअर आणि किक त्याच बाजूला. मागे बसणाऱ्याची साडी-ओढणीही तिथेच. फाल्गुनापासून मिरगापर्यंत सड्यावर नि काजूच्या बागांत वाळलेलं गवत असतं. काजळीचा तापलेला कण उडाला की वणवा लागायला वेळ लागत नाही. गवतात गाडी उभी करायची नाही. आणि पावसात उघडा पाइप घेऊन गाडी पडवीबाहेर ठेवलीस, व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर दमट खारी हवा थेट सिलिंडरपर्यंत. पाइपच्या तोंडात ऑइलचा बोळा कोंब आणि हँडलला चिठ्ठी बांध, नाहीतर तोच बोळा घेऊन किक मारत बसशील.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२० म्हणतो की प्रत्येक गाडीला सायलेन्सर हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाच्या मानकाचा भंग केला तर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. गाडी जुनी आहे म्हणून सूट नाही. पीयूसी असेल तरी तो धुराचा कागद, आवाजाचा नाही. दंडापेक्षा मला कानांची काळजी. ८५ डेसिबल आठ तास चालतात, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० ला उरतात १५ मिनिटं. उघडा पाइप १०० सहज ओलांडतो. चिपळूणच्या आतल्या गल्ल्यांत किंवा जांभ्याच्या गडग्यांमधून जाताना तर तो आवाज दोन्हीकडून अंगावर येतो, घराघरांत शिरतो तो वेगळाच.

आता करायचं काय ते. आधी सायलेन्सर सडला कशामुळे हे समज, नाहीतर नवाही सडेल. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली की सायलेन्सर तापतच नाही, ते पाणी आत साचतं, वरून खारी हवा. आठवड्यातून एकदा तरी सलग अर्धा तास चालव. सायलेन्सरच्या बुडाशी, सगळ्यात खालच्या जागी, ३ मिमीचं एक भोक पाड. समुद्रकाठावरून आलीस की गोड्या पाण्याने धू, पण पाइप निवल्यावर.

जुन्याचं बाहेरचं कवच घट्ट असेल तर टाकू नकोस. मागची टोपी ग्राइंडरने कापून आतली सडकी जाळी काढायची. बेंड पाइपचा आतला व्यास कॅलिपरने मोजायचा आणि तेवढ्याच व्यासाची स्टेनलेसची भोकांची नळी सरळ आरपार घालायची. भोकं ३ ते ४ मिमी, नळीचा साधारण तिसरा हिस्सा उघडा. नळीवर आधी स्टेनलेस वूलचा एक थर, त्यावर एक्झॉस्टसाठी मिळतं ते लांब धाग्याचं ग्लासवूल, पोकळीच्या दर लिटरला साधारण सव्वाशे ग्रॅम. कमी भरलं तर धागे हलून उडून जातात. ठासून भरलं तर आवाज शिरायला जागाच राहत नाही. छताच्या इन्सुलेशनचं वूल वापरू देऊ नकोस, त्यातला चिकट पदार्थ जळून जातो आणि महिन्याभरात पोकळी रिकामी. भरताना हातमोजे आणि मास्क. असा सायलेन्सर वरच्या पट्टीतला कर्कशपणा खातो आणि खालचा ठोका बराचसा जाऊ देतो, म्हणजे तुला हवं तेच. तरी आवाज मूळ सायलेन्सरपेक्षा मोठा वाटला तर मागच्या टोकाला लहान व्यासाची काढती पुंगळी बसवून घे आणि रस्त्यावर ती काढू नकोस.

बसवताना सगळं आधी सैल जोड. बेंड पाइपला पोर्टाच्या तोंडाशी एक्झॉस्ट सीलंटचा पातळ हात, लाकडी हातोडीने पाइप आत बसव, मग हेडकडून मागे येत एकेक नट आवळ. मागचं ब्रॅकेट सर्वात शेवटी, आणि भोकं जुळत नसतील तर वॉशर घालून जुळव. पाइप ओढून जुळवलास तर तोच ताण तडा देतो. पहिल्यांदा नीट तापून थंड झाली की सगळे नट पुन्हा एकदा बघ. उघड्या पाइपसाठी मोठा जेट टाकला असलास तर तो काढून जुना लाव आणि प्लग पुन्हा वाच. जेट विकत घेताना जुना सोबत ने, आटे आणि डोकं जुळवून घे; बाजारात एकाच नंबरचे पण भोकात फरक असलेले जेट भरपूर मिळतात.

तुझे
बाबा