पहिली आवृत्ती दाखवणाऱ्या ताईंना

ताई,

माझी हिशेबाची शीट विक्रीला लागली. लोक ती घेताहेत, वापरताहेत, मधूनच तक्रारी करताहेत आणि मी त्या तक्रारींना उत्तरं देते आहे. हे तुम्हाला कळवलं तेव्हा तुम्ही "छान झालं!" एवढंच म्हणालात आणि विषय संपवलात. मला तो इतक्यात संपवायचा नाही. चारचौघांत आभार मानावेत असं काम तुम्ही केलं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचं नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भाषांतर करणारे, डिझाइन करणारे, शिकवण्या घेणारे, असे जे लोक एकेकटे काम करतात त्यांच्यासाठी मी एक तयार शीट बनवली होती. कोणाला कोटेशन दिलं, कोणाचं बिल गेलं, कोणाकडे पैसे अडकलेत, हे एका नजरेत दिसावं म्हणून. सोबत ती कशी वापरायची हे समजावणारे छोटे व्हिडिओ. शीट चालत होती. मी स्वतःच्या कामासाठी रोज तीच वापरत होते. तरी ती विक्रीला काही लागत नव्हती. व्हिडिओत आवाज घुमतो, म्हणून एक पुन्हा रेकॉर्ड केला. मग त्याचा उजेड बाकीच्या व्हिडिओंशी जुळेना, म्हणून सगळेच पुन्हा केले. सेल्स पेजचा मथळा सकाळी एक असायचा, रात्री दुसरा. एका बटणाचा रंग मोबाइलवर वेगळा दिसतो म्हणून अख्खी थीम बदलली, तर पेमेंटचं पान बिघडलं. बघणाऱ्याला वाटायचं, किती मेहनत घेते ही. मेहनत खरीच होती. तिच्यातलं काहीही कुणा गिऱ्हाइकापर्यंत पोचत नव्हतं, एवढंच.

सल्ल्याची त्या काळात कमतरता नव्हती. लाँच कसं करायचं हे शिकवणाऱ्या एका महागड्या कोर्सला मी नाव घातलं होतं. तिथे दर आठवड्याला नवी चेकलिस्ट यायची. ब्रँडची कहाणी लिहा, आदर्श ग्राहकाचं वर्णन लिहा, ईमेलची मालिका रचा, बोनस ठरवा, मग त्या बोनससाठी वेगळं पान बनवा. जिच्या हातून आधीच काही सुटत नाही, तिच्या हातात आणखी शंभर गोष्टी ठेवायच्या, असा सगळा प्रकार. मी एकदा धीर करून लिहिलं की माझी शीट तयार आहे, पण ती बाहेर काढायचं माझ्याच्याने होत नाही. उत्तर आलं, "माइंडसेटवर काम करा." खाली त्याच लोकांच्या पुढच्या, आणखी महाग कोर्सची लिंक. त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो घालवायची मला घाईही नाही. घाबरलेल्या माणसाची भीती वाढवून तिच्यावर धंदा करणं मला अजिबात मान्य नाही.

दुसरीकडे होते फीडबॅक देणारे. त्यातल्या कुणालाही ती शीट विकत घ्यायची नव्हती, त्यामुळे ते ज्याच्यावर बोलता येईल त्याच्यावर बोलले: फाँट, लोगो, माझ्या मागची भिंत.

आणि मोठ्यांचे दाखले तर विचारूच नका. लिंक्डइनचे एक संस्थापक रीड हॉफमन यांचं ते प्रसिद्ध म्हणणं मला कितीजणांनी पाठवलं असेल, की पहिल्या आवृत्तीची लाज वाटली नाही तर समजा लाँच करायला उशीर झाला. जीमेल २००४ च्या एप्रिलमध्ये आलं आणि त्याच्यावरचा 'बीटा', म्हणजे अजून चाचणी चालू आहे, हा शिक्का थेट २००९ मध्ये निघाला. २००७ च्या पहिल्या आयफोनवर मजकूर कॉपी-पेस्ट करता येत नव्हता, ती सोयसुद्धा २००९ मध्येच आली. हे सगळं खरं आहे आणि मला तोंडपाठ होतं. उपयोग शून्य झाला. जीमेलच्या पाठीशी गूगल उभं होतं. पहिला आयफोन कसाही असता तरी लोक रांगा लावून तो बघायला येणारच होते. माझ्यासारख्या एकट्या बाईची शीट बिघडली तर तिला कोण सांभाळून घेणार? मोठ्यांच्या चुका ऐकून धीर येत नाही. त्यांना त्या परवडतात, हेच उलट डोक्यात पक्कं होतं.

तुमची-माझी ओळख तशी जुजबी. तुमचं नियोजनाचं वर्कबुक मी विकत घेतलं होतं. त्याबद्दलच्या एका ईमेलमध्ये सहज लिहून गेले की माझंही असं एक प्रॉडक्ट आहे, अजून तयार नाही. तुम्ही उलट विचारलंत, "चालतं का?" मी लिहिलं, चालतं, पण... आणि त्या 'पण'च्या पुढे भलामोठा परिच्छेद.

त्यावर तुम्ही काहीच समजावलं नाहीत. दोन फाइली पाठवल्यात आणि वर एक ओळ: "हे माझं पहिलं. विकलं होतं."

पहिली फाइल म्हणजे तुमच्या वर्कबुकची अगदी मूळ पीडीएफ. आज ते वर्कबुक इतकं देखणं आहे की त्याची अशी काही सुरुवात असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मुखपृष्ठावर 'वार्षिक' हा शब्दच चुकलेला, 'र्षी' दीर्घ. ओळी एका बाजूला सरकलेल्या. आणि वर्षभराच्या नियोजनाच्या त्या पुस्तकात जून दोनदा, जुलै गायब! मी परत परत वरखाली करून पाहिलं. खरंच जुलै नव्हता.

दुसऱ्या फाइलीत होते तुमच्या पहिल्या ग्राहकांचे ईमेल. त्यांची नावं आणि पत्ते तुम्ही काळ्या पट्टीने झाकले होते. एकीने मजकुराच्या ओघात आपल्या मुलीचं नाव लिहिलं होतं, तेवढा एक शब्दसुद्धा न विसरता झाकलेला. त्यातली एक तक्रार मला पाठ झाली आहे: "जुलै नाहीये. दुसऱ्या जूनवर काट मारून जुलै लिहिला आहे. बाकी वापरते आहे. पुढच्या वर्षीचं कधी काढणार?" खाली त्याच दिवशीचं तुमचं उत्तर: माफ करा, दुरुस्त फाइल जोडली आहे.

ताई, मला मोकळं केलं ते या चार ओळींनी.

का केलं, याचा नंतर बराच विचार केला. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये परिपूर्णतेच्या ध्यासाचे तीन प्रकार मांडले. एकात माणूस स्वतःकडून निर्दोष कामाची अपेक्षा धरतो. दुसऱ्यात ती इतरांकडून धरतो. आणि तिसऱ्यात त्याची अशी समजूत होऊन बसते की जग आपल्याकडून निर्दोषपणाच मागतं आहे, त्यात उणं पडलं की संपलं. माझं दुखणं हे तिसरं होतं. त्याच्यावर "लोकांचा विचार करू नकोस" हा उपाय चालत नाही, कारण विकणाऱ्याने लोकांचा विचार करायचाच असतो, तेच त्याचं काम आहे. माझ्या डोक्यातला ग्राहक फार क्रूर होता. तो एका चुकीवरून पैसे परत मागायचा, चारजणांना सांगायचा, माझं नाव घालवायचा. आणि तो कधीच खोटा पडत नव्हता, कारण मी खऱ्या ग्राहकाला आतच येऊ देत नव्हते. तुम्ही मला खरा ग्राहक दाखवलात. त्याने जूनवर काट मारली होती आणि त्याला पुढच्या वर्षीचंही हवं होतं.

कसंही करून काहीही विकावं, असं तुम्ही मुळीच म्हणाला नाहीत. नंतरच्या मेसेजमध्ये तुमचे प्रश्न चांगलेच कडक होते. पैसे नीट जमा होतात का, स्वतः खरेदी करून पाहिलंस का? पैसे भरल्यावर फाइल लगेच मिळते का? कुणी परत मागितले तर कुरकुर न करता देशील का? पानावर जे लिहिलं आहे ते खरंच आत आहे का? "यात चूक नको. बाकीचं मागाहून." ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात निर्णयांचे दोन प्रकार केले आहेत: ज्या दारातून परत फिरता येत नाही ते, आणि ज्यातून फिरता येतं ते. हेही मी आधी वाचलेलं होतं. तुमच्या प्रश्नांनंतर ते पहिल्यांदा कळलं. लोकांच्या पैशात घोळ झाला, त्यांची माहिती बाहेर गेली किंवा पानावर खोटं वचन दिलं, तर गेलेला विश्वास सहजासहजी परत येत नाही. मथळा, रंग, घुमणारा आवाज, हे सगळं उद्या बदलता येतं. आणि मी जीव पाखडत होते तो सगळा उद्या बदलता येणाऱ्या गोष्टींवर. पैसे भरून खरेदी मात्र एकदाही करून पाहिली नव्हती.

शीट बाहेर आली त्या दिवसाचं वर्णन करत नाही, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही. पहिल्या तक्रारीचं मात्र सांगायलाच हवं. एका गृहस्थांनी लिहिलं की थकबाकीचा रकाना वेडंवाकडं दाखवतो, ज्यांनी पैसे दिले आहेत तेही थकलेले दिसतात. शोधल्यावर कळलं की त्यांच्या कॉम्प्युटरवर तारीख लिहिताना महिना आधी येतो आणि दिवस नंतर. माझ्याकडे दिवस आधी. त्यांची मार्चची तारीख माझं सूत्र डिसेंबरची समजत होतं. मी वर्षानुवर्षं तारीख एकाच पद्धतीने लिहीत आले. दार लावून आणखी कितीही काळ ती शीट घासूनपुसून काढली असती, तरी हा दोष मला सापडला नसता. तो दुसऱ्याच्याच हातात गेल्यावर सापडणार होता. त्याच संध्याकाळी दुरुस्त फाइल सगळ्यांना पाठवली. त्या गृहस्थांचं उत्तर आलं, "आता बरोबर आहे. आभार." रात्री मी शांत झोपले. ज्या प्रसंगाला इतकी भीत होते तो येऊन गेला होता आणि माझं काहीही बिघडलं नव्हतं.

तुमच्या चांगुलपणाबद्दल लिहायला मला शब्द कमी पडताहेत, तरी लिहिते. आपल्या धंद्यात जरा नाव झालं की पहिली आवृत्ती गाडून टाकायची रीत आहे. यशाच्या कहाण्या सगळे सांगतात, त्यात संघर्षही असतो, पण तोही इस्त्री केलेला. तुम्ही मूळ फाइल जपून ठेवलीत, तक्रारीही जपल्यात आणि जिची तोंडओळखही धड नाही अशा बाईपुढे त्या ठेवल्यात. मी ते चव्हाट्यावर मांडलं असतं तर? माझे आणि तुमचे ग्राहक साधारण एकाच वर्तुळातले. उद्या त्यातल्या कुणी तुमचं वर्कबुक सोडून माझी शीट घेतली तर? हे हिशेब तुम्हाला कळत नाहीत असं नाही, तुम्ही हे काम माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून करताय. तरी पाठवलंत. आणि पाठवताना दुसऱ्या कुणाच्या लेकीचं नाव झाकायला विसरला नाहीत. मला तुमचा मोठेपणा सगळ्यात जास्त तिथे दिसला. मदत करताना तिऱ्हाइताचीही अब्रू सांभाळायची, हे भान फार थोड्यांकडे असतं. अशी माणसं स्वतःहून कधी समोर येत नाहीत, त्यांचे कोर्स नसतात, लिंक नसते. कुणीतरी अडकलं आहे एवढं कळलं की आपल्याकडे असेल ते काढून देतात आणि कामाला लागतात.

आता एक कामाचं. दुसरं प्रॉडक्ट होत आलं आहे, कोटेशनचे तयार नमुने. त्याची तारीख मी यादीतल्या लोकांना आधीच कळवून टाकली आहे. पहिल्या आवृत्तीत व्हिडिओ नसतील आणि तसं पानावर वरच्या बाजूलाच लिहिलं आहे. या वेळी मी स्वतः पैसे भरून खरेदी करून पाहिली, फाइल आली. तुम्हाला वेळ झाला तर एकदा नजर टाका. नाही झाला तरी चालेल, ठरल्या दिवशी ते निघणारच आहे.

तुमचे खूप खूप आभार, ताई.

तुमची,
एक ग्राहक