महाराष्ट्राचा धावफलक पूर्ण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या ३ नोव्हेंबरच्या अंकाचं पहिलं पान मी छापून काढलं आणि अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलं. आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तो अंक. पावसामुळे सामना दोन तास उशिरा सुरू झाला, म्हणून आमच्याकडे पहिला चेंडू पडला तो पहाटे साडेतीनला. आई, बाबा आणि मी पांघरुणं गुंडाळून टीव्हीसमोर बसलो होतो. स्मृती मानधना ४५ धावांवर बाद झाली तेव्हा आईला फार वाईट वाटलं, कारण सांगली तिचं माहेर. शेवटचा झेल घेतला गेला आणि साताऱ्याहून आजोबांचा फोन आला. तिकडे मध्यरात्र झाली होती, गल्लीत फटाके वाजत होते आणि आजोबांना बोलता येत नव्हतं.

त्याच अंकात क्रीडापानाच्या तळाशी चार ओळी होत्या. लॉस एंजेलिस डॉजर्सनी टोरांटो ब्लू जेजना हरवून बेसबॉलची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकली, एवढंच. त्याच्या शेजारी दोन ओळी महाराष्ट्राच्या रणजी सामन्याच्या. मी पत्र लिहिते आहे ते या सहा ओळींसाठी, आणि त्यातही खरं तर त्या दोन ओळींसाठी.

मी सतरा वर्षांची आहे. मूळची साताऱ्याची. चार वर्षांपूर्वी बाबांच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला आलो. आजोबा साताऱ्यात तुमचा अंक वाचतात, मी इथे ई-पेपर वाचते, आणि रविवारी फोनवर आमचं पहिलं बोलणं क्रीडापानाचं असतं.

सिअ‍ॅटलमध्ये संघ बरेच आहेत. फुटबॉलचे साउंडर्स, अमेरिकन फुटबॉलचे सीहॉक्स, बर्फावरच्या हॉकीचे क्रॅकन, मुलींच्या बास्केटबॉलचा स्टॉर्म. पुरुषांचा बास्केटबॉलचा संघ होता, सुपरसॉनिक्स, तो २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला गेला. तरी त्याचा हिरवा-पिवळा सदरा घातलेली माणसं बसमध्ये अजून दिसतात. या सगळ्यांत मी धरला तो बेसबॉलचा मॅरिनर्स संघ. १९७७ पासून खेळतो आहे आणि वर्ल्ड सिरीजपर्यंत एकदाही पोहोचलेला नाही. मोठ्या लीगच्या तीस संघांत असा हा एकटाच. २००१ मध्ये त्यांनी ११६ सामने जिंकले होते. त्यानंतर एकवीस वर्षं हंगामानंतरची बाद फेरीसुद्धा दिसली नाही.

मला हा खेळ टीव्हीवर बघून कळला नाही. पहिल्या वर्षी एप्रिलमधल्या एका मंगळवारी बाबांनी सगळ्यात वरच्या मजल्यावरची स्वस्तातली तिकिटं काढली. बाहेर पाऊस आणि हाडं गोठवणारी थंडी, म्हणून मैदानाचं छप्पर ओढून घेतलेलं. खुर्च्या बहुतेक रिकाम्या. माझ्या शेजारी पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या. मांडीवर आडवी वही, कानामागे पेन्सिल. पोस्टातून निवृत्त झालेल्या. पहिल्या वर्षापासून येतात म्हणाल्या. मी वहीत डोकावते आहे हे बघून त्यांनी वही माझ्या बाजूला सरकवली.

बेसबॉलचं गुणलेखन मी तिथे शिकले. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो. चेंडू टाकणारा पिचर १, त्याच्यासमोर बसून झेलणारा कॅचर २, असं करत ९ पर्यंत. प्रत्येक फलंदाजाच्या खेळीला एक घर, घरात एक तिरका चौकोन. खेळाडू धावताना मैदानावरचे जितके तळ (बेस) पार करेल तितक्या त्या चौकोनाच्या बाजू ठळक करायच्या, आणि धाव झाली की आख्खा चौकोन पेन्सिलीने भरायचा. तीन स्ट्राइकवर, म्हणजे तीन चेंडू वाया घालवून, बाद झाला तर ‘के’ हे अक्षर. तिसरा स्ट्राइक नुसता बघत उभा राहिला तर तोच ‘के’ उलटा. मला हा उलटा ‘के’ फार आवडला. माणूस बॅट न हलवता बाद झाला, हे एका अक्षरात कळतं. त्या रात्री मॅरिनर्स हरले. बाईंनी निघताना वहीतली दोन कोरी पानं फाडून मला दिली.

तेव्हापासून घरच्या मैदानावरचे सामने मी रेडिओ ऐकत वहीत उतरवते. एका हंगामात १६२ सामने, त्यांतले ८१ घरी. मार्चअखेर सुरू होतं ते सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज. या खेळात एका दिवसाला फार किंमत नसते. आज हरले तर उद्या संध्याकाळी परत तोच संघ मैदानात. आमच्या घरात मॅरिनर्सचा विषय हवेसारखा किंवा भाजीसारखा निघतो. बाबा कामावरून आले की बूट काढताना विचारतात, “किती झाले?”

यंदा मात्र एकेका दिवसाला किंमत आली. कॅल रॅली हा आमचा कॅचर. दिवसभर गुडघ्यांवर बसून चेंडू अडवणारा माणूस. त्याने या हंगामात ६० होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके, मारले. कुठल्याच कॅचरने आजवर एवढे मारले नव्हते. १० ऑक्टोबरला बाद फेरीतला डेट्रॉइट टायगर्सविरुद्धचा निर्णायक सामना नऊ डावांत संपला नाही आणि पंधराव्या डावापर्यंत गेला. जवळपास पाच तास. माझ्या वहीत बारा डावांचीच घरं आहेत. तेराव्याला मी गणिताच्या वहीचं पान फाडलं, पट्टीने रेघा मारल्या आणि सेलोटेपने जोडलं. त्या जोडलेल्या पानावर शेवटचं घर पोलांकोचं आहे. त्याच्या फटक्यावर क्रॉफर्ड धावत आला आणि आम्ही ३-२ जिंकलो. सेलोटेप वाकडी लागली आहे, हात थरथरत होते.

मग टोरांटोविरुद्ध मालिका, जिंकणारा वर्ल्ड सिरीजला जाणार. १७ ऑक्टोबर, वसुबारस. आई अंगणात पणती लावत होती आणि मी गाडीतल्या रेडिओला कान लावून बसले होते. आठव्या डावात रॅलीच्या होमरनने बरोबरी झाली. मग तळ भरले आणि सुआरेझने ग्रँड स्लॅम मारला, एका फटक्यात चार धावा. रेडिओवर नुसता समुद्रासारखा आवाज, निवेदकाचं काही ऐकू येईना. समोरच्या घरातले आजी-आजोबा दार उघडून बाहेर आले, आमची पणती बघितली आणि त्यांना वाटलं ती मॅरिनर्ससाठीच लावली आहे. आईने त्यांच्या पायरीवरही एक लावून दिली.

तीन दिवसांनी, नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी, सातवा सामना. आई चकल्या तळत होती, मी ओट्याच्या कोपऱ्यावर वही घेऊन. आम्ही ३-१ पुढे. वर्ल्ड सिरीज आठ आउटवर आली होती, म्हणजे त्यांचे आणखी आठ जण बाद केले की झालं. सातव्या डावात त्यांचे दोघे तळांवर असताना जॉर्ज स्प्रिंगरने होमरन मारला. मला एकामागे एक तीन चौकोन काळे करावे लागले. पेन्सिलीचं टोक तिसऱ्या चौकोनात मोडलं. ४-३ ने हरलो. आईने गॅस बंद केला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी इथल्या दैनिकात त्या सामन्याचा संपूर्ण धावफलक होता. तो कापून मी वहीत चिकटवला. एप्रिलमधल्या कुठल्याही सामन्याचा छापतात, तसाच.

आता आपल्याकडचं लिहिते.

त्याच १७ ऑक्टोबरला, म्हणजे सुआरेझच्या ग्रँड स्लॅमच्या काही तास आधी, नागपूरला महाराष्ट्राच्या मुली पंजाबविरुद्ध टी-ट्वेंटी खेळत होत्या. सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेने ३४ चेंडूंत शतक केलं. मुलींच्या टी-ट्वेंटीत जगात कुणीही याहून लवकर शतक केलेलं नाही. आधीचा विक्रम न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनचा, ३६ चेंडूंचा. किरण ३५ चेंडूंत १०६ धावांवर नाबाद राहिली. ही बातमी मला चार दिवसांनी कळली, तीही आजोबांकडून. त्यांना ती तुमच्या अंकात आतल्या पानावर सापडली होती. तीत किरणचं नाव होतं, आकडा होता. तिच्याबरोबर समोर कोण होतं, पंजाबच्या गोलंदाज कोण, सामना किती षटकांत संपला, यांतलं काहीच नव्हतं. आजोबा म्हणाले, “अगं, शतक कळलं, पण सामना कळला नाही.”

त्याच आठवड्यात, १५ ऑक्टोबरला, महाराष्ट्राचा रणजी हंगाम केरळविरुद्ध सुरू झाला. फलकावर एकही धाव नसताना आपले तीन गडी बाद झाले होते. १८ धावांवर पाच बाद. तिथून ऋतुराज गायकवाडने ९१ धावा काढून डाव सावरला. अशा दिवसाची गोष्ट किती लिहिता आली असती! शून्यावर तीन बाद असताना आत येणाऱ्या फलंदाजाला काय वाटत असेल, हे मला त्या दिवशी वाचायचं होतं.

आजोबांकडे जुन्या हिशेबाच्या सहा वह्या आहेत. त्यांत त्यांनी रणजीच्या धावफलकांची कात्रणं खळीने चिकटवली आहेत. १९७०-७१ चा अंतिम सामनाही आहे, ज्यात महाराष्ट्र मुंबईकडून ४८ धावांनी हरला. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी त्या वह्या उघडून बसायची, आणि कागदाचा तो वास मला आत्ता लिहितानाही येतो आहे. त्या कात्रणांवर बोट ठेवून आजोबा आख्खा दिवस उभा करत. याच्यानंतर हा आला, हा धावबाद झाला, मग चहापान. मैदानात ते फार तर चार-पाच वेळा गेले असतील. संघ त्यांचा झाला तो छापलेल्या धावफलकांमधून.

कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर असताना समोरच्या संघाने सामना सोडून दिला. हे मला आजोबांनी सांगितलं, आजोबांना त्यांच्या वडिलांनी, आणि त्यांनी ते वर्तमानपत्रात वाचलं होतं.

आणखी एक गोष्ट आजोबांना सांगितली तेव्हा ते फार खूश झाले. बेसबॉलचा छापील धावफलक रुळवला तो हेन्री चॅडविक नावाच्या पत्रकाराने. तो इंग्लंडमध्ये जन्मलेला आणि आधी क्रिकेटच्या बातम्या देणारा. क्रिकेटचा तक्ता समोर ठेवून त्याने बेसबॉलचा तक्ता बेतला, आणि तो ‘के’सुद्धा त्याचाच. म्हणजे मी वहीत जे लिहिते ते आजोबांच्या कात्रणांच्याच घराण्यातलं आहे.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल की रणजीला प्रेक्षक येत नाहीत, वाचक कुठून येणार? पण एप्रिलमधल्या त्या मंगळवारी सिअ‍ॅटललाही खुर्च्या रिकाम्याच होत्या. तरी इथल्या दैनिकाचा बातमीदार वरच्या कक्षात बसलेला होता आणि दुसऱ्या दिवशी त्याने लिहिलं. एकवीस वर्षं संघ कुठेही पोहोचत नव्हता तेव्हाही लिहीत होते. म्हणून या ऑक्टोबरमध्ये लोक रस्त्यावर आले तेव्हा त्यांना खेळाडूंची ओळख करून द्यावी लागली नाही. डेट्रॉइटविरुद्ध सातव्या डावात बरोबरी साधून देणाऱ्या लिओ रिव्हासचा त्या दिवशी वाढदिवस होता, हे आमच्या वर्गातल्या मुलींनासुद्धा ठाऊक होतं. किरण नवगिरेबद्दल माझ्या साताऱ्याच्या मैत्रिणींना इतकं माहीत नाही. त्यांनी वाचायचं कुठे? स्मृतीने २०१३ मध्ये वडोदऱ्याला एकदिवसीय सामन्यात द्विशतक केलं ते महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाकडूनच. या संघांतूनच पुढे विश्वचषकाची पानं भरतात.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. महाराष्ट्राच्या रणजी संघाचा आणि मुलींच्या संघाचा प्रत्येक सामना संपूर्ण धावफलकासह छापा. हरले तरी छापा. फलंदाज कसा बाद झाला, झेल कोणी घेतला, कुठला गडी किती धावांवर पडला, सगळं. सामना पुण्यात, नाशकात, सोलापुरात असेल तेव्हा एक बातमीदार दिवसभर मैदानावर बसवा आणि त्याने काय पाहिलं ते लिहू द्या. वर्ल्ड सिरीजच्या चार ओळी पुढच्या वर्षी दिल्या नाहीत तरी माझी तक्रार नाही, ते मला इथे मिळतं.

आजोबांच्या सहाव्या वहीत अजून चाळीस पानं कोरी आहेत, मी दिवाळीत फोनवर मोजून घेतली. जागा कमी पडत असेल तर अक्षर बारीक केलंत तरी चालेल, त्यांच्याकडे भिंग आहे.

आपली नियमित वाचक,
साताऱ्याची, सध्या बॉथेल, वॉशिंग्टन राज्य
९ नोव्हेंबर २०२५