शिफ्टिंगच्या आधी बंदुकांचं कपाट

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

सोसायटीची नोटीस आली, गणपती झाले की इमारत रिकामी करायची. म्हणजे पार्ल्याचं घर सोडून नवा टॉवर उभा राहीपर्यंत अंधेरीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचं, हे आता पक्कं. भांडी, पुस्तकं, देव्हारा यांवर आपलं रोज फोनवर बोलणं होतं. बंदुकांचं नाव काढलं की मात्र बाबा, तुम्ही "बघू गं नंतर" म्हणून फोन आईकडे देता. म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवते आहे. वाचून झालं की परवान्याच्या फायलीत ठेवा.

बंदुका काढून टाका, असं मी अजिबात म्हणत नाही. राजापुरच्या बागेत रानडुकरांनी उच्छाद मांडला तेव्हा आजोबांनी घेतलेली दुनळी बाराबोर तुम्ही एवढी वर्षं जिवापाड जपलीत. पॉइंट टू-टू रायफलवर तर मी वरळीच्या रेंजमध्ये तुमच्या शेजारी पडून नेम धरायला शिकले. बोल्ट (नळीची मागची बाजू बंद करणारा दांडा) उघडा ठेव, नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, हे तुमचंच शिकवणं. त्या शिस्तीतला माणूस घरी मात्र दोन्ही बंदुका खोळीत घालून साड्यांच्या मागे ठेवतो आणि कपाटाची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगतो, हे मला पटत नाही.

ती किल्ली कुठे असते हे आपल्या बाईंना ठाऊक आहे, इस्त्रीवाल्याला ठाऊक आहे आणि आर्यनला तर नक्कीच ठाऊक आहे. नऊ वर्षांचा आहे तो. गेल्या सुट्टीत माळ्यावरची बॅग खुर्चीवर स्टूल ठेवून त्याने एकट्याने खाली काढली होती. मुलांपासून वस्तू दडवून ठेवली की त्यांना ती हमखास सापडते. शिवाय त्या कपाटाचा पत्रा पाऊण-एक मिलिमीटरचा, पहारीच्या एका हिसक्यात वाकेल. ते भिंतीला बसवलेलंही नाही. पॅकर्सवाले अशी कपाटं आतल्या सामानासकट उचलून टेम्पोत चढवतात. आपल्या बंदुका अशा रीतीने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून गेल्या तर परवानाधारक म्हणून जाब तुम्हालाच द्यावा लागेल.

म्हणून वेगळं कपाट करून घेऊ. आपल्या ओळखीचा फॅब्रिकेटर आहे, त्याला मी मापं देते. पत्रा किमान 2 मिलिमीटरचा. ब्रिटनमध्ये बंदुकांच्या कपाटांसाठी बीएस 7558 हे वेगळं मानकच आहे, त्यातही निदान एवढी जाडी सांगितली आहे. बिजागऱ्या आतून, म्हणजे बाहेरून कापता येणार नाहीत. कुलपं दोन, एक वर आणि एक खाली, कारण एकच मधे असलं की दाराचा वरचा कोपरा उचकटता येतो. रायफल सुटी होत नाही, म्हणून आतली उंची 54 इंच ठेवू. दुनळीचं तसं नाही. तिची पुढची लाकडी मूठ काढली की नळ्या आणि दस्ता (खांद्याला टेकतो तो लाकडी भाग) वेगळे होतात. ती तीन तुकड्यांतच ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. रायफलचा बोल्टही काढून काडतुसांबरोबर ठेवायचा. काडतुसांची पेटी वेगळी, तिचं कुलूप वेगळं, आणि ती दुसऱ्या खोलीत. म्हणजे मोठं कपाट कुणी फोडलंच तरी हाती लागेल ती न चालणारी बंदूक.

आता भिंतीचं. अंधेरीच्या फ्लॅटमध्ये मी टकटक करून पाहिलं. बेडरूम आणि हॉलमधली भिंत साडेचार इंची आहे, तिच्यावर भरवसा नको. खिडकीकडची नऊ इंची आहे, पण पावसात तिला ओल येते, रंगाचे पोपडे आत्ताच सुटले आहेत. बेडरूमच्या दारामागे आरसीसीचा कॉलम आहे, तीच जागा. कपाटाच्या पाठीतून, आतल्या बाजूने चार अँकर फास्टनर मारायचे. दार बंद झालं की नट बाहेरून हाती लागत नाहीत. घरमालकाला आधी विचारा, निघताना भोकं बुजवून देऊ म्हणावं. नव्या टॉवरमध्ये गेल्यावरही हीच काळजी घ्यावी लागेल. आतल्या भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या, असल्या तर त्यात साधा फास्टनर धरत नाही, सुटून येतो. बिल्डरकडून नकाशा मिळाला की कॉलम कुठे आहेत ते मी बघून ठेवीन.

खोळी मात्र कृपा करून टाकून द्या. मागच्या पावसाळ्यात दुनळी काढली तेव्हा डाव्या नळीवर, जिथे कापडाची शिवण टेकते तिथे, शिवणीच्या रेघेतच तांबूस ठिपके उठले होते. बोट फिरवलं की खरखरीत लागत होते. मुंबईची हवा दमट आणि खारट, आणि कॅनव्हास ती ओल आत धरून ठेवतो. नव्या कपाटात मखमल किंवा फोमही नको, दस्ता टेकेल तिथे रबराची पट्टी पुरे. सिलिका जेलच्या पुड्या ठेवू. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये गरम करून सुकवायचे, पुन्हा निळे होतात. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तेलाचं फडकं फिरवा, आणि हात लागलेली जागा पुसल्याशिवाय बंदूक आत ठेवू नका, घामातल्या मिठाने गंज धरतो. नळ्या तोंड खाली करून ठेवल्या तर तेल दस्त्याच्या लाकडात मुरत नाही.

बाबा, किल्ली फक्त तुमच्याजवळ. माझ्याकडे नको, आईकडेही नको, कारण परवान्यावर नाव तुमचं एकट्याचं आहे. दुसरी किल्ली बँक लॉकरमध्ये ठेवा. (बंदूक किंवा काडतुसं त्या लॉकरमध्ये चालत नाहीत, किल्लीला अडचण नाही.) बोटाच्या ठशाचं कुलूप घेऊ नका. वयाबरोबर ठसे झिजतात आणि यंत्र ओळखत नाही, रेशनच्या दुकानात आत्याचे असेच हाल झाले.

शिफ्टिंगच्या आठवड्यात दोन्ही बंदुका परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेव म्हणून द्या आणि पावती घ्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत तुम्ही पोलीस ठाण्यात जमा करता, तसंच. पावतीवर दोन्ही बंदुकांचे नंबर परवान्याशी ताडून पाहा. कॉलमवर कपाट बसलं की मगच घरी आणा. पत्ता बदलल्याचं 30 दिवसांच्या आत लेखी कळवावं लागतं. मुंबईत परवाना पोलीस आयुक्तांचाच राहतो, पण पोलीस ठाणं बदलेल, तेव्हा तिथेही नोंद करून घ्या.

आई, तुझ्यासाठी थोडं. हे लिहिताना जड जातं, पण तुला माहीत असायला हवं. बाबा दवाखान्यात असले तर कपाट बंदच राहू दे, कुणी कितीही ओळखीचा असला तरी. आणि बाबांच्या माघारी काही निर्णय घ्यायची वेळ आलीच, तर शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे बंदुका विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायच्या असतात. तू एकटी काही उघडू नकोस, आधी ठाण्यात फोन कर, मग मला.

ती वेळ येऊच नये म्हणून एक मार्ग आहे, बाबा. 2016 च्या शस्त्र नियमांतल्या नियम 25 प्रमाणे परवानाधारकाचं वय 70 झालं, किंवा शस्त्र 25 वर्षं त्याच्याकडे असलं, की तो आपल्या वारसाला ते देण्यासाठी अर्ज करू शकतो. तुम्ही 74 चे आहात. दुनळी माझ्या नावावर व्हावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. दादाला तिच्यात रस नाही, मी त्याला विचारलं आहे. शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि वैद्यकीय दाखला मी काढते, घरात सुरक्षित ठेवायची सोय आहे हेही लिहून देते. रायफल तुमचीच राहू दे. डोळ्याचं ऑपरेशन झालं की आपण दोघं वरळीला जाऊ.

रविवारी सकाळी फॅब्रिकेटरला घेऊन अंधेरीच्या फ्लॅटवर येते. तोवर घरमालकाशी बोलून ठेवा आणि परवान्याची झेरॉक्स काढून ठेवा. आई, जेवायला थांबेन.

तुमची,
अनू