वेल्सची भाऊबंदकी

संपादक महोदय,

ऐतिहासिक कादंबऱ्यांवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला. परक्या देशाच्या कादंबरीत गोष्ट चांगली असली की पुरे, इतिहास माहीत नसला तरी काही अडत नाही, असं त्यात म्हटलंय. माझं तरी अडलं बुवा. गेली दोन वर्षं मी मध्ययुगीन वेल्सवरच्या कादंबऱ्या वाचतोय आणि पहिलं वर्ष तर 'हे भाऊ सारखे एकमेकांच्या जिवावर का उठतात' ह्यातच गेलं.

नावांचा घोळ वेगळाच, दोन-दोन लुएलिन, दोन-दोन दाविद. नावाच्या मधला 'अप' म्हणजे अमक्याचा मुलगा एवढं कळलं की निम्मं काम होतं. पण खरी किल्ली आहे तिथला वारसाहक्क. वेल्सच्या जुन्या कायद्यात जमीन सगळ्या मुलांत वाटायची, थोरल्याला सगळं असं नाही, आणि लग्नाबाहेरचा मुलगाही बापाने आपला म्हटला की वाटेकरी. उत्तर वेल्सचा राजा असलेल्या थोरल्या लुएलिनने हे मोडून इंग्लंडच्या जॉन राजाच्या मुलीपासून झालेल्या दाविदला वारस केलं आणि लग्नाबाहेर झालेला थोरला मुलगा ग्रिफिद डावलला गेला. तो शेवटी लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडला आणि १ मार्च १२४४ ला चादरी बांधून खिडकीतून उतरायला गेला, अंगाने जड होता, दोर तुटला, संपला. मॅथ्यू पॅरिस नावाच्या मठातल्या साधूने आपल्या बखरीत त्या पडण्याचं चित्रच काढून ठेवलंय, जमलं तर बघा, कादंबरीतलं वर्णन फिकं वाटतं.

आता ह्याच ग्रिफिदची मुलं बघा. धाकट्या लुएलिनने १२५५ मध्ये दोघा भावांना लढाईत हरवलं आणि थोरल्या ओवेनला वीसेक वर्षं डांबून ठेवलं. दुसरा भाऊ दाविद (हा आधीच्या दाविदचा पुतण्या) १२७४ मध्ये लुएलिनच्या खुनाचा कट करून इंग्लंडच्या एडवर्ड राजाकडे पळाला आणि १२८२ मध्ये त्याच एडवर्डवर उलटला. कादंबऱ्यांत हा दाविद बहुतेक वेळा सरळसरळ फितूर म्हणून येतो. फितूर होताच, त्यात वाद नाही, पण तो आपला वाटा मागत होता आणि जुन्या कायद्याने तो मागणं चूक नव्हतं, हे माहीत नसेल तर अर्धं पात्र हातातून निसटतं की. लुएलिन १२८२ च्याच डिसेंबरात मारला गेला, दाविदला १२८३ मध्ये इंग्लंडमधल्या श्रूजबरीला हालहाल करून मारलं.

म्हणून विनंती एवढीच की अशा पुस्तकांवर लिहाल तेव्हा सोबत छोटी वंशावळ छापा आणि वाटणीचा नियम दोन ओळीत सांगा. आणि एक गंमत, वेल्स जिंकल्यावर १२८४ मध्ये एडवर्डने वेल्समधल्या रुडलनला नवा कायदा केला, त्यात मुलांमधली वाटणी तशीच ठेवली, फक्त लग्नाबाहेरच्या मुलांना त्यातून काढलं. म्हणजे चादरीच्या दोराने उतरणाऱ्या ग्रिफिदला त्या कायद्याने काहीच मिळालं नसतं.

आपला,
एक वाचक